जुळवलेली जोडी

१

विद्याधर प्रधानांनी पारखून घेतल्याशिवाय कुठलीही वस्तू कधी घरात आणली नव्हती. मिक्सर घ्यायचा तर घरून ओलं खोबरं नेऊन दुकानातल्या प्रत्येक मिक्सरवर चटणी वाटून बघायची. पंखा घ्यायचा तर खाली सतरंजी अंथरून पडायचं आणि डोळे मिटायचे. मुलुंडच्या बाजारात त्यांना लांबून येताना बघून दुकानदार शटर अर्धं खाली ओढतात, असं त्यांची बायको जयंतीच सगळ्यांना सांगायची. लग्नाच्या वेळीही त्यांनी पुष्कळ मुली बघितल्या होत्या. "मी तुलनेत पास झाले हो," जयंती म्हणायची, "कोणी प्रेमात पडलं वगैरे नाही."

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे पारखायला वेळ उरला आणि वस्तू संपल्या. त्यामुळे मुलाचा फोन आला तेव्हा घरात सण असल्यासारखं झालं.

ओजस ड्रम वाजवायचा. अंधेरीत एका इमारतीच्या तळघरात त्याने छोटा स्टुडिओ घेतला होता. "बाबा, ड्रम्सच्या वर टांगायला माइकची जोडी लागतेय. गिटार-बिटारही त्याच्यावरच रेकॉर्ड करेन. तू बघून देतोस?"

हे त्याने वडिलांचा वेळ जावा म्हणून विचारलं होतं. पण विद्याधररावांनी दुसऱ्याच दिवशी सगळं वाचून काढलं. माइक दोन कशाला, तर एक डाव्या कानासाठी आणि एक उजव्या. दोन्ही अगदी एकसारखे हवेत, कारखान्यातच जुळवून निघालेले. ऐकणाऱ्याने डोळे मिटले की झांज कुठे, ढोल कुठे, कोण कुठे बसलंय, हे बोट दाखवून सांगता आलं पाहिजे. ज्या जोडीला हे जमतं ती जोडी खरी.

"म्हणजे पत्रिका जुळवूनच आणायचे," जयंती म्हणाली.

"पत्रिकेत आवाज नसतो," विद्याधरराव म्हणाले आणि जेव्हीएलआर रस्त्याच्या ट्रॅफिकमधून अंधेरीला जाऊन माइक भाड्याने देणाऱ्या रतनकडून तीन वेगवेगळ्या जोड्या घेऊन आले.

२

सोसायटीत ड्रम वाजवायला बंदी होती. पण दर बुधवारी दुपारी जयंतीच्या मैत्रिणी हॉलमध्ये गायला जमायच्या. कांजूरमार्गहून प्रेमा यायची, ती ढोलकी वाजवायची. समोरच्या इमारतीतली नीला टाळ घेऊन बसायची आणि रुचिरा पेटीवर असायची. गायची जयंती. विद्याधरराव त्या दुपारी बेडरूमचं दार लावून वर्तमानपत्र वाचायचे. त्यांच्या मते त्यांनी बायकोच्या गाण्याला केलेली ही मोठीच मदत होती.

या बुधवारी मात्र ते सकाळपासून हॉलमध्ये उंच स्टँड मागेपुढे सरकवत होते. पहिली जोडी पेन्सिलीसारखी बारीक होती. तिची तोंडं एकमेकांना तिरकी लावून त्यांनी ती ढोलकीच्या वर टांगली. वायर दाराखालून बेडरूममध्ये घेतली, लॅपटॉपला जोडली, बायकांना तंबी दिली, "मोबाइल बंद, बेल वाजली तरी कोणी उठायचं नाही," आणि दार लावून कानांवर हेडफोन चढवले.

गाणं सुरू झालं आणि त्यांनी डोळे मिटले.

डावीकडे प्रेमाची ढोलकी. उजवीकडे नीलाचे टाळ, जरा जास्तच टोकदार. त्यांच्या शेजारी रुचिराची पेटी, भाता ओढतानाच्या सुस्काऱ्यासकट. आणि बरोबर कपाळाच्या मधोमध जयंती. इतकी जवळ की तिने श्वास घेतला तेव्हा विद्याधरराव थोडे मागे सरकले.

मग उजवीकडे, सगळ्यांच्या मागे, खिडकीजवळ, कोणीतरी हळूच खाकरलं.

तिथे वेताची खुर्ची होती. रुचिरा आज खाली न बसता खुर्चीत बसली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण पेटी तर खालीच वाजत होती. गाणं संपलं तेव्हा त्या खुर्चीतून आवाज आला, "वा!"

आवाज पुरुषाचा होता.

विद्याधरराव ताडकन उठून बाहेर आले. हॉलमध्ये चारच बायका होत्या. खुर्चीत इस्त्रीहून आलेल्या कपड्यांचा गठ्ठा होता, सर्वांत वर त्यांचाच पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार?" जयंती म्हणाली. "बेलचीसुद्धा भीती घातलीत तुम्ही."

"आता कोणीतरी वा म्हणालं."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि नीला खुदकन हसली. "अहो भाऊजी, तुम्हीच म्हणालात की. लाजताय काय एवढं?"

"आज सूर्य खंयसून उगावलो म्हणायचो?" प्रेमा म्हणाली आणि ढोलकीवर एक थाप मारली.

विद्याधररावांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण जयंतीच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. ती गोरीमोरी झाली होती. असा तिचा चेहरा त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. ते आत गेले आणि पलंगावर बसून विचार करू लागले. निवृत्त माणसं स्वतःशी बोलतात हे त्यांना ठाऊक होतं. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ तर लिफ्टशी भांडायचे. आपणही नकळत वा म्हणालो असू. आपला आवाज दारातून बाहेर गेला, भिंतीवर आपटला, आणि माइकला खुर्चीकडून आल्यासारखा वाटला. पटण्यासारखं होतं. खाकरण्याचं काय, हा प्रश्न त्यांनी पुढच्या बुधवारवर टाकला.

३

"रतन, माइकमध्ये आधीच्या माणसाचा आवाज राहतो का रे?"

"काका, माइक आहे, तवा नाही," रतन फोनवर म्हणाला. "आधीच्या डोशाचा वास यायला."

"मग खोलीत नाही ते ऐकू येईल का?"

"नाही काका. उलटं होतं. खोलीत आहे ते माणसाला ऐकू येत नाही, माइकला येतं. पंखा, फ्रिज, पोटातली गुडगुड. तुम्ही ती दुसरी जोडी लावा, जाडवाली. दोघांना लांब लांब ठेवा. झकास आवाज."

विद्याधररावांनी जाडी जोडी लावली. एक माइक ढोलकीवर, दुसरा टाळांवर, मध्ये चांगलं अंतर. खुर्चीतले कपडे उचलले आणि ती रिकामी ठेवली. शेवटची खबरदारी म्हणून, आपण चुकूनही बोलू नये यासाठी, गाणं सुरू होताच त्यांनी पाण्याचा मोठा घोट घेऊन तो तोंडातच धरून ठेवला. गाल फुगवून, हेडफोन लावून ते पलंगावर बसले. त्या क्षणी कोणी दार उघडलं असतं तर पुढचं काही घडण्याआधीच डॉक्टरला बोलावणं गेलं असतं.

ही जोडी जास्त गोड होती. प्रेमाची ढोलकी पोटात वाजत होती. आणि खुर्ची करकरली. कोणीतरी मांडी बदलून बसलं.

मग ठेका सुरू झाला. खुर्चीच्या वेताच्या हातावर अंगठीचा टकटक ठेका, आणि तो समेला हमखास उशिरा पोचणारा. विद्याधररावांनी आपल्या हाताकडे पाहिलं. बोटात पुष्कराजची अंगठी होती आणि हात मांडीवर स्वस्थ होता. ताल या माणसाला बापजन्मात जमणार नव्हता, हे त्यांना कळलं, आणि ते का कळलं हेही कळलं. धुळीचा त्रास असणारा माणूस ओढतो तसं त्या माणसाने नाक ओढलं. विद्याधररावांनी स्वतःचं नाक गच्च दाबून धरलं. पलीकडे तो पुन्हा नाक ओढत होता.

"जयंती," खुर्चीतला माणूस म्हणाला, "तो दुसरा अंतरा परत म्हण ना."

पेटी क्षणभर थांबली. जयंतीने दुसरा अंतरा पुन्हा घेतला, आधीपेक्षा सावकाश, आणि शेवटची ओळ अशी सोडली की नीलाचे टाळसुद्धा गप्प झाले.

पाणी विद्याधररावांच्या श्वासनलिकेत गेलं. त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हेडफोन मात्र कानांवरच राहिले, आणि त्या ठसक्याच्या वर त्यांना स्वतःचा आवाज शांतपणे म्हणताना ऐकू आला, "बघ गं, आत कोणाला तरी ठसका लागलाय."

दार उघडून प्रेमा आत आली आणि तिने त्यांच्या पाठीत ढोलकीचे दोन हात दिले. मागे जयंती उभी होती. तिचे डोळे चमकत होते.

"एवढं आवडतंय तर बाहेर येऊन बसा की," ती म्हणाली. "आतून कशाला फर्माइश?"

विद्याधररावांना सांगायचं होतं की तोंडात पाणी असताना माणूस फर्माइश करू शकत नाही. पण पाणी तोंडात का होतं, हे सांगण्याची सोय नव्हती.

४

रविवारी ओजस आला. जेवून झाल्यावर त्याने दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली.

"मस्त! आई, काय गायलीस यार! पहिली जोडी झांजांना कडक आहे. दुसरी गोड आहे, पण थोडी झोपाळू." मग त्याने भुवया वर केल्या. "पण बाबा, रेकॉर्डिंग चालू असताना तू खुर्चीत बसून ठेका कशाला देतोयस? तोपण असा, सगळी वाट लावणारा?"

"मी आत होतो."

"बाबा, स्टिरिओ आहे ते. तू उजवीकडे खिडकीशी बसलायस. मला दिसतोयस."

 विद्याधररावांना पुरावा मागण्याची सवय होती, स्वतःबद्दल देण्याची नव्हती.

त्या आठवड्यात घरात एक चमत्कारिक गोडवा आला. जयंती स्वतःशीच गुणगुणायची. दुपारी चहासोबत हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकत बसायची, आणि मधूनच मान वळवून खिडकीकडे बघून हसायची. एकदा विद्याधररावांनी चहा मागितला तर ती म्हणाली, "आत्ताच घेतलात ना?" ते स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर दोन कप उपडे होते, दोन्ही ओले. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या आवडीची भरली वांगी केली आणि म्हणाली, "काल किती छान बोललात." काल ते वीजबिलाखेरीज कशाबद्दल बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"काय बोललो गं मी?"

"जाऊ द्या, परत विचारून माती करू नका," ती म्हणाली.

भीती त्यांना तेव्हा वाटली. खुर्चीत कोणीतरी होतं, याची तितकीशी नाही. माणसाला काय, सवय होते. भीती ही वाटली की तो जयंतीला पसंत पडत चालला होता. आयुष्यभर ते दोन वस्तू शेजारी ठेवून डावं-उजवं करत आले होते. आता कोणीतरी त्यांना मांडून ठेवलं होतं, आणि दुसरा नग उजवा ठरत होता.

५

तिसरी जोडी उरली होती. हे माइक चहूबाजूंचं सारखंच ऐकणारे, खोलीतला कोपरान्‌कोपरा उचलणारे. जयंती भाजी आणायला गेल्याची संधी साधून विद्याधररावांनी ते लावले. वेताची खुर्ची उचलून गॅलरीत नेऊन ठेवली आणि गॅलरीचं दार आतून लावून घेतलं. खिडक्या बंद, पंखा बंद. रिकामी खोली रिकामी असल्याचं एकदा सिद्ध झालं की विषय संपणार होता.

बेडरूमचं दार लावून त्यांनी हेडफोन घातले. दुपारचं ऊन पलंगावर पडलं होतं. फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी, भिंतीवरचं घड्याळ. बाकी काही नाही. विद्याधररावांनी सुटकेचा श्वास सोडला.

बाहेरच्या दारात किल्ली फिरली. जयंती आली. पिशवी टेकली, चपला काढल्या, नळ सुटला, बंद झाला. मग दिवाण दबला आणि मटारच्या शेंगा फुटू लागल्या. टप्, टप्. मधोमध, अगदी जवळ.

"दमलीस?" खुर्ची करकरली.

विद्याधररावांनी मान वळवून पाहिलं. बेडरूमच्या खिडकीतून गॅलरीचा तुकडा दिसायचा. वेताची खुर्ची तिथे उन्हात उभी होती.

"ऊन काय आहे!" जयंती म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. नेहमीचं कोणीतरी बसलं असावं, तसं ती बोलत होती.

"तू रेडिओवर गाणार होतीस ना लग्नानंतर?"

शेंगा थांबल्या. विद्याधरराव उठले, दाराच्या कडीला हात लावला, आणि तसेच उभे राहिले. ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती. किंवा माहीत असावी, पण विचारलेली नव्हती.

"आज कसं आठवलं तुम्हाला?" ती म्हणाली. "निवड झाली होती हो. जायचं त्या दिवशी सासूबाईंचं हळदीकुंकू आलं. शंभर बायका. मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही पेपर वाचत होता. म्हणालात, तुझं तू ठरव."

"काय गाणार होतीस?"

 उत्तरादाखल ती ते गुणगुणू लागली. विद्याधरराव कडीवर हात ठेवून ऐकत राहिले. बाहेर जावं हे त्यांना कळत होतं. पण ते बाहेर गेले असते तर गाणं थांबलं असतं, आणि ते पुढे कसं जातं हे त्यांना फार ऐकायचं होतं. आपल्याच घरात चोरून ऐकणारा माणूस झाल्याचं त्यांना वाईटही वाटलं, पण ते नंतर.

गाणं हळूहळू विरलं. खोलीत फक्त घड्याळ उरलं.

"जयंती," तो माणूस आवाज खाली आणून म्हणाला, "आत कोणी आहे का गं?"

"आत?" ती म्हणाली. "आत कोण असणार?"

"श्वास ऐकू येतोय."

खुर्ची करकरली. पावलं निघाली. उजवीकडून मध्ये, मधून डावीकडे, कारण बेडरूमचं दार डावीकडे होतं. घरातल्या सपातांचा तो फटक फटक आवाज विद्याधररावांनी जन्मभर स्वतःच्या पायांखाली ऐकला होता. आता त्यांनी खाली पाहिलं तर त्यांचे पाय अनवाणी होते.

डाव्या कानात पावलं थांबली. दाराखालच्या फटीत उजेडाची रेघ होती. तिच्यात दोन काळे तुकडे येऊन उभे राहिले. आणि दाराखालून आत आलेली वायर, कोणीतरी ती कुठे जाते हे बघत असावं तशी, हळूहळू बाहेर सरकू लागली. विद्याधररावांच्या कानांवरचे हेडफोन अलगद पुढे ओढले गेले.

"आहे!" ते ओरडले. "मी आहे! आत मी आहे!"

आणि सगळा जोर लावून त्यांनी दार उघडलं.

दारात कोणी नव्हतं. फरशीवर त्यांच्या सपाता होत्या, जोडीने, बोटं बेडरूमकडे करून. पलीकडे दिवाणावर जयंती मटारचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. त्यांच्या खांद्याच्या थोडं बाजूला पाहत होती.

"अहो, थांबा जरा," ती वैतागून म्हणाली. "दोघं एकदम बोलू नका."

मग तिच्या हातातून शेंग खाली पडली. "दोघं?" ती म्हणाली. "मी काय म्हणाले आत्ता?"

विद्याधरराव जाऊन तिच्या पायाशी फरशीवर बसले. गुडघे कडाकडा वाजले.  ताटातली एक शेंग उचलून सोलत ते म्हणाले, "ते गाणं पहिल्यापासून म्हण. मी इथेच आहे."

तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, "पहिला अंतरा विसरले होते. आता आठवतोय."

६

दोन जोड्या परत गेल्या. तिसरी ओजसने ठेवून घेतली. "खोली चांगली असेल तर ड्रम्सवर हीच," तो म्हणाला. विद्याधररावांनी विरोध करून पाहिला, पण कारण विचारल्यावर त्यांना एकही सांगण्यासारखं सापडलं नाही. मुलाला माइक नाकारताना "मी नसलो तरी त्यात मी ऐकू येतो" असं कसं म्हणायचं?

बुधवारी ते आता हॉलमध्ये बसतात. बेडरूमचं दार सताड उघडं असतं. वा म्हणायची जागा आली की ते घाईने म्हणतात, कधी कधी गाण्याच्या आधीच. "भावजी, श्वास तरी घेवक देवा तिका," प्रेमा म्हणते. पण विद्याधररावांना धोका पत्करायचा नसतो. आपण वेळेवर बोललो नाही तर ती जागा रिकामी राहत नाही, हे त्यांना पक्कं कळलं आहे. चहा ते स्वतः करतात आणि कप मोजून घेतात. जयंती त्यांना कधीकधी जरा निरखून बघते, पण ती खूश आहे, आणि दोन आठवड्यांत घरात कोणी खाकरलेलं नाही.

परवा दुपारी गाण्याची तयारी चालली असताना ओजसचा फोन आला.

"बाबा, थँक्स रे," तो म्हणाला.  "तू असं काही म्हणशील असं वाटलं नव्हतं मला. इतक्या वर्षांत तू माझं वाजवणं कधी धड ऐकलंसुद्धा नव्हतंस."

विद्याधररावांच्या हातात पेटीचं झाकण होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"कधी म्हणालो मी?"

"आत्ता. टेक ऐकतोय ना मी. तू ड्रम्सच्या मागे उभा आहेस, उजवीकडे. आलास कधी, गेलास कधी, कळलंच नाही. मी वाजवताना डोळे मिटतो." तो हसला. "फक्त ते अंगठीने टकटक नको करूस, प्लीज."

"ओजस, पुढे काय म्हणतोय तो?"

"कोण तो?"

विद्याधररावांनी इकडेतिकडे पाहून चपला शोधल्या, पायांत सरकवल्या आणि दाराकडे धावले. मागून जयंती विचारत होती, अहो कुठे निघालात, प्रेमा येईल आत्ता. जिन्यात रेंज तुटायच्या आधी त्यांनी फोन तोंडाजवळ धरला.

"ओजस, नीट ऐक. मी रिक्षाने निघालोय. मी पोचेपर्यंत हेडफोन काढून ठेव, आणि कोणी काही बोललं तरी ऐकू नकोस."

"कोणाचं ऐकू नको बाबा?"

विद्याधरराव एका पायरीवर थांबले.

"माझं," ते म्हणाले.